कळंबच्या कासवाचा दिवा

दुपारी चारच्या सुमाराला जगदीश हवालदारांचा फोन आला, तेव्हा पौर्णिमा कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यात एका बोक्याला धरून उभी होती.

"कळंबच्या बंगल्यात कासवाचा दिवा तूच बसवलास ना?"

"हो. काय झालं?"

"पडला तो. आग लागली. पोरगी धुरात सापडली, दवाखान्यात आहे. हत्यारांची पिशवी घेऊन ये तुझी."

पौर्णिमा जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता, म्हणून कुणाकडे पाळीव प्राणी आला की दिव्याच्या कामाला डॉक्टर तिलाच पाठवत. कळंबच्या श्रद्धाचं कासव परदेशी जातीचं, कागदपत्रं करून आणलेलं, जेमतेम लिंबाएवढं. असल्या पिल्लाला ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, आणि खास दिव्याचा प्रकाश नसेल तर पाठ मऊ पडते. म्हणून दसऱ्याच्या आधी तिने लाकडी पेटीवर त्या प्रकाशाची आडवी नळी लावली होती आणि एका कोपऱ्यात उबेचा मोठा बल्ब टांगला होता.

पण टांगला कशावर? साखळीवरच. साखळीवरच ना? स्कूटी चालवताना ती स्वतःला विचारत राहिली आणि कळंब येईपर्यंत तिची खात्री पार ढळली.

बंगल्याच्या गेटाला साखळी आणि कुलूप होतं. मालक नरेश यांनी किल्लीने उघडलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

श्रद्धाच्या खोलीत भिंत छतापर्यंत काळी झाली होती. पेटीतलं वाळलं गवत जळून गेलं होतं. त्यात बल्बची पत्र्याची टोपी उपडी पडली होती. कासव फुटक्या मडक्याखाली शिरलं होतं म्हणून वाचलं; आता ते बादलीत डोकं आत ओढून बसलं होतं.

वर हुक जागेवर होता. त्याला हिरव्या नायलॉनच्या दोरीचं वितळलेलं टोक चिकटलं होतं.

"दोरीवर टांगतात का असला दिवा?" नरेश म्हणाले. "माझी मुलगी मेली असती."

 मग नरेश हवालदारांकडे वळले आणि त्यांनी दुसरी बाजू मांडली. या ताईंनी साखळी लावली असेल, तर मग हे काम कामवाल्या सुनिताचं. थंडी वाढली म्हणून तिने दिवा खाली घेतला असणार. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी हीच, आणि तिचा तुकडा नुकताच कापलेला.

ते खरं होतं. दोरीचं एक टोक ताजं कापलेलं होतं.

सुनिता ठाकरवाडीची. घरकाम आणि श्रद्धाकडे लक्ष, दोन्ही तिच्याकडे होतं. ती पायरीवर बसली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, तळव्याला फडकं बांधलेलं. आता आपल्याला गाडीत घालून नेणार, हे तिने मनात धरूनच ठेवलं होतं.

पौर्णिमा तिच्याजवळ टेकली.

"तू दिव्याला हात लावलास का गं?"

"नाय ताई. मला त्याची भीती वाटतं."

"आग लागली तेव्हा कुठे होतीस?"

"पोरीला ताप व्हता, निजली व्हती. बारा वाजता कासवाला तुतीचा पाला आणाया गेले. दोनला आले तं गेटाला कुलूप, नं खिडकीतून धूर."

"जाताना कुलूप नव्हतं?"

"कवाच नसतं. आमच्या बाया त्याच वाटेनं जातात."

बाकीचं तिने खाली बघत सांगितलं. ती काचा लावलेल्या भिंतीवरून आत उतरली. पोरीला खांद्यावर घेतलं, पण गेट उघडेना. बाहेर मोळ्या घेऊन आलेल्या वाडीच्या बाया अडकून उभ्या होत्या. त्यांनी लुगड्याची झोळी करून पोरीला भिंतीवरून घेतलं आणि टेंपो थांबवून कर्जतला नेलं.

हवालदारांनी नरेश यांना विचारलं, "तुम्ही केव्हा गेलात?"

"अकराला. अडीचला फोन आला तेव्हा परतलो."

"आणि गेटाला कुलूप कधीपासून?"

"दिवाळीपासून. ही खोटं बोलते."

पौर्णिमा उठली आणि एकटीच गेटापाशी गेली.  साखळी हातात घेऊन तिने एकेक कडी पाहिली, मग गेटाची दांडी पाहिली. शेवटच्या कडीवर तिने अंगठा फिरवला. मग तिने सगळ्यांना बोलावलं.

"हवालदारसाहेब, ही दांडी बघा. दिवाळीपासून इथे साखळी घासत असती तर रंग निघाला असता. साधा ओरखडाही नाही. दोन महिने उघड्यावर, दवात राहून साखळीला गंजाचा ठिपका नाही. म्हणजे ती आजच लागली आहे. सुनिता खरं सांगते."

"बरं. मग?"

"आता या टोकाच्या चार-पाच कड्या बघा. गंजाने नाही, तापून तांबूस झाल्यात. गेटापाशी तर आग नव्हती. साखळी एका टोकालाच अशी भाजते कधी? रोज दहा तास पेटत्या दिव्यावर टांगलेली असेल तर."



पौर्णिमाने पिशवीत तळापर्यंत हात घातला आणि त्या कामातून उरलेला वीतभर साखळीचा तुकडा काढला. तिची पक्कड एका बाजूने बोथट होती. कापलेल्या कडीवर ती तिरकी खाच सोडायची. तुकड्यावर खाच होती. गेटाच्या साखळीच्या शेवटच्या कडीवरही तशीच होती.

"ही साखळी मी श्रद्धाच्या दिव्याला लावली होती," ती म्हणाली.  "ज्याने आज गेट बंद केलं, त्यानेच ती काढली आणि दिवा दोरीवर टांगला. नायलॉन त्या उष्णतेत तास-दोन तासही टिकत नाही. दोरी कापणं कुणालाही जमलं असतं. पण कुलूप सुनिताने लावलं असतं, तर ती काचांवरून आत का आली असती? या कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे आहे."

हवालदारांनी नरेश यांच्याकडे पाहिलं. मघाशी याच माणसाने खिशातून किल्ली काढून त्यांना आत घेतलं होतं.

नरेश गेटाशेजारच्या कठड्यावर बसले. मग सगळं सांगत गेले. अकराला निघालो, वाटेत वाडीच्या बाया मोळ्या घेऊन येताना दिसल्या. कितीदा बजावलं तरी माझ्याच आवारातून. डोकं फिरलं, बाराच्या पुढे परत आलो. घरात कुलूप होतं, साखळी नव्हती, म्हणून दिव्याची काढून त्याला दोरी बांधली. श्रद्धा झोपली होती. संध्याकाळी नवी आणून दिवा पुन्हा नीट टांगायचा असं ठरवलं. सुनिता मागे असेल असं वाटलं.

"पोरीला आत ठेवून बाहेरून कुलूप," जगदीश हवालदार इतकंच बोलले आणि त्यांनी नरेश यांना जबाबासाठी गाडीत बसवलं.

गाडी सुरू होण्याआधी नरेश यांच्या बायकोचा दवाखान्यातून फोन आला. श्रद्धाने डोळे उघडले होते. फोन कानाला धरून नरेश रडू लागले. मग त्यांनी बाहेर उभ्या असलेल्यांना विचारलं, तिला कुणी वाचवलं म्हणून सांगू?

 सुनिता बादलीतलं कासव पदरात घेऊन उभी होती. पौर्णिमाने ते रात्रीपुरतं जनावरांच्या दवाखान्यात ठेवायला परत आलेल्या टेंपोवाल्याकडे दिलं आणि त्याच टेंपोतून सुनितालाही कर्जतला पाठवलं. तिच्या तळव्याला टाके लागणार होते.

पौर्णिमा मात्र घरी गेली नाही. कर्जत ओलांडून तिने चौक गावाकडची वाट धरली आणि लोधिवलीला चंद्राबाईंच्या दारात स्कूटी टाकली. कळंबचं काम केलं त्याच दिवशी तिने इथे कोंबडीच्या पिल्लांसाठी उबेचा बल्ब लावला होता. तोवर साखळी संपली होती. दोन दिवसांनी येऊन बदलते, असं ती म्हणाली होती. त्याला तीन महिने झाले होते.

"एवढी धावत का गं आलीस?" चंद्राबाईंनी विचारलं.

पौर्णिमाने आधी बटण बंद केलं. मग बॅटरी वर धरली. सुतळीला तीन पदर होते. दोन काळे पडून तुटले होते, आणि बल्ब तिसऱ्यावर हळूहळू फिरत होता.