मेंढ्यांच्या मागे नऊ हजार किलोमीटर

दोलोन घाटाच्या उतारावर आमची शेअर टॅक्सी चाळीस मिनिटं एकाच जीपच्या मागे रखडली होती, आणि माझा पारा केव्हाच चढला होता. शेवाळी रंगाची उंच, नवीकोरी जीप. मागचे लाल दिवे एकदाही विझत नव्हते. सकाळी सहाला मी बिश्केकहून निघाले होते, दोनला नारिनमध्ये पोचायचं होतं, आणि ही जीप चालतच नव्हती… रांगत होती! शेवटी मी टॅक्सीतून उतरले, तरातरा चालत गेले आणि जीपला सहज गाठलं. यावरूनच वेगाची कल्पना करा.

काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आत उन्हानं रापलेला एक तिशीतला माणूस निवांत सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"हॉर्न बिघडलाय का तुमचा?"

"नाही. छान वाजतो."

"मग वाजवा की!"

"कुणावर?" त्यानं हनुवटीनं पुढं दाखवलं.

पुढं मेंढ्या होत्या. पाचशे-सहाशे तरी असतील. त्यांच्यापुढं घोड्यांवर लादलेले लोकरीचे जाड नमदे, तंबूच्या लाल काठ्या, आणि शालीत कोकरू गुंडाळून खोगिरावर बसलेली एक म्हातारी. उन्हाळा संपला होता, वरच्या कुरणातलं बिऱ्हाड खाली निघालं होतं.

"चालत्या बिऱ्हाडाला कापून जाऊ नये," तो म्हणाला. "घरी शिकवलं नाही वाटतं?"

"घरी मला वेळेवर पोचायला शिकवलंय."

"मग अशाच चालत राहा. माझ्या आधी पोचाल." आणि तो हसला. इतकं साधं हसला, की माझा राग पार विरघळला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"एवढी घाई कसली?"

"नारिनमध्ये एका दिवट्या ड्रायव्हरनं नव्या गाडीचे ब्रेक नऊ हजार किलोमीटरमध्ये संपवलेत. वर आमच्या कंपनीकडे वॉरंटी मागतोय. त्याची गाडी तपासायचीय."

बिया सोलणारी बोटं थांबली. "नऊ हजारात?… फारच दिवटा असणार."

"असणारच!"

"बिया घ्या," तो म्हणाला, आणि माझी ओंजळ भरली.

दोन तासांनी मी शार्बुबू-अपांच्या अंगणात उभी होते. नारिनच्या सगळ्या पाहुणघरांची संघटना या अपा चालवतात. कुठला पाहुणा कुठल्या गाडीतून डोंगरात जाणार, हे त्याच ठरवतात. फाटक उघडलं आणि तीच शेवाळी जीप रांगत आत आली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तालाय," तो उतरून अदबीनं म्हणाला. "दिवटा."

मी मान खाली घालून पाना मागितला. काम सुरू केल्यावर मात्र माझं मलाच भान राहत नाही. चारही चाकं उतरवली, ब्रेकचे पॅड मोजले. चारही चाकांत सारखेच झिजलेले, पार पत्र्याला टेकलेले. एखाद्याच चाकाचे जास्त झिजले असते तर मी कंपनीला धरलं असतं. हे असं सगळीकडे सारखं झिजणं म्हणजे… ड्रायव्हरचा पाय.

"शपथेवर सांगतो, मी कधीच करकचून ब्रेक मारत नाही," तालाय म्हणाला. आता तो हसत नव्हता. "गाडीत म्हातारी माणसं असतात, चहाचे थर्मास असतात. पॅडच खराब असणार."

आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्याला खरंच तसं वाटत होतं.

आतून अपांचा आवाज आला, "मुली, नीट बघ हो. ड्रायव्हरची चूक निघाली तर त्याचं नाव यादीतून काढावं लागेल. वाईट गाडी चालवणाऱ्याच्या हाती आम्ही पाहुणे देत नाही. नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?"

ऑफिसात साहेबांनी मला निघतानाच सांगितलं होतं, डोंगरातली गाडी म्हणजे ड्रायव्हरची चूक, लिही आणि परत ये. पण न बघता लिहायची माझी तयारी नव्हती. "उद्या सोन-कुलच्या तळ्यापर्यंत जाऊन येऊ," मी म्हटलं. "जशी रोज चालवता तशीच चालवा. मी नुसती बघणार, तालाय बाइके." बाइके म्हणजे आमच्याकडे दादा.

"बाइके म्हणू नका, म्हातारा झाल्यासारखं वाटतं. नाहीतर मी तुम्हाला धाकटी बहीण म्हणेन."

"नको!" मी म्हटलं… जरा जास्तच लवकर. अपा आत खोकल्या.

दुसऱ्या दिवशी जुने पॅड पुन्हा बसवता येण्यासारखे नव्हते, म्हणून त्यानं शेजाऱ्याकडून नवे आणून घातले आणि आम्ही निघालो. तालाय खरंच सुरेख गाडी चालवत होता. खड्ड्याच्या आधी वेग कमी, ओढ्यात चाक हलकेच, वळणावर एक हात माझ्या बाजूच्या दाराच्या कडीकडे, लागला तर आधार म्हणून. मी वहीत लिहीत होते, आणि लिहिताना त्याच्या हातांकडे पाहत होते. हे कामाचाच भाग आहे, असं मी स्वतःला चारदा बजावलं.

घाटमाथ्यावर पोचलो आणि खाली सोन-कुल दिसलं. मी बावीस वेळा फोटोत पाहिलेलं तळं… आणि तरी माझा श्वास अडकला. एवढं निळं पाणी, एवढं मोकळं आभाळ, आणि मध्ये एक झाड नाही, एक भिंत नाही. मला एकदम रडू येईल असं वाटलं. कशाचं, ते कळेना.

"होतं असं," तालाय हळूच म्हणाला, आणि माझ्याकडे न पाहता इंजिन बंद केलं, म्हणजे मला शांतता ऐकू यावी. तेवढ्यासाठी!

परतताना उतारावर बर्फाची भुरभुर सुरू झाली, आणि आमच्यापुढं एक बिऱ्हाड लागलं. तालायनं पहिला गिअर टाकला, सर्वांत हळू चालणारा. पण उतारावर मेंढ्या त्याहूनही हळू चालतात. तालायचा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि तिथंच राहिला. एक वळण. दुसरं. अकरावं. मी घड्याळ लावलं होतं. एक तास बावन्न मिनिटं.

कोडं सुटलं होतं: हळूच, पण तासन्‌तास दाबलेला ब्रेक.

एक लंगडी मेंढी मागे राहिली, तेव्हा त्यानं गाडी थांबवली, उतरून तिला उचललं आणि कळपात सोडलं. त्याच्या केसांत बर्फ होतं, छातीला लोकर चिकटली होती. मीही उतरून त्याच्यामागे कळपात गेले. कळप आमच्या दोन्ही अंगांनी वाहत गेला, उबदार, ओल्या लोकरीचा वास, हजार खुरांचा हलका आवाज. घोड्यावरच्या, बिऱ्हाडाच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं टोपी उचलली. तालायनं छातीवर हात ठेवून त्याच्या वाटेला सुख चिंतलं. या माणसांपुढं मी आणि माझं मोजमाप किती लहान होतो! आणि या माणसावर… हो, त्याच बर्फात, त्याच वळणावर माझं प्रेम बसलं. उगाच कशाला लपवू?

गाडीत बसल्यावर मी अर्ज काढला.

"एक प्रश्न राहिलाय. 'चालक बराच वेळ सतत ब्रेक दाबून ठेवतो का?' 'नाही' म्हणालात तर पॅडची चौकशी होते. 'हो' म्हणालात तर वॉरंटी तिथंच संपते." मी काचेबाहेर पाहिलं. "मी… मी आत्ता बाहेर बर्फ बघत होते. मला काही दिसलं नाही."

त्यानं वायपर लावले. मग म्हणाला, "हळूच दाबला तर झिजत नाही, असं वाटायचं मला. बापाकडून तसंच ऐकलं होतं. म्हणजे माझीच चूक की."

"यादीतून नाव जाईल, तालाय!"

"माहितेय. 'हो' लिहा." आणि जरा वेळानं, "तुम्ही खोटं लिहिलेलं मला आवडणार नाही, बुरुल."

मी 'हो' लिहिलं. अक्षर बिघडलं.

शनिवारी अंगणात संघटना जमली. बहुतेक सगळे कुरणातलेच, उन्हाळाभर तंबूत पाहुणे ठेवणारे. मी उभी राहून अहवाल वाचला. कंपनीची चूक नाही. पॅड चालकाच्या सवयीमुळं झिजले. कुजबुज झाली. तालाय फाटकाशी उभा होता, टोपी हातात. अपांनी जड हातानं पेन उचललं.

"अजून संपलं नाही," मी म्हटलं. अहवालाचं पान उलटलं. "सवय अशी: उतारावर बिऱ्हाड पुढं असलं तर हा चालक त्याला ओलांडत नाही. हॉर्न देत नाही. माझ्या समोर एक तास बावन्न मिनिटं तो ब्रेकवर पाय ठेवून मागे चालला. वाहनाचा गैरवापर मी एवढा एकच पाहिला."

अपांचं पेन थांबलं. मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठला, घोड्यावरचा तोच कारभारी.

"अपा, गेल्या साली एकानं हॉर्न दिला तेव्हा माझी अठ्ठावीस जनावरं कड्याखाली गेली," तो म्हणाला. "नियम वाईट ड्रायव्हरसाठी केलाय ना? मग यालाच काढणार? याच्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीतून आलेला पाहुणा माझ्या तंबूत शिरणार नाही. लिहून घ्या."

"माझ्याही नाही," कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी. मग सगळेच एकदम बोलू लागले. अपांनी तालायच्या नावापुढं 'कायम' असं लिहिलं, पेनचं टोपण लावलं आणि किमिझ, घोडीचं आंबवलेलं दूध, आणायला सांगितलं.

मी बाहेर जाऊन अहवालावर कंपनीचा शिक्का मारत होते, तेव्हा तो आला.

"वॉरंटी बुडवलीत माझी."

"हो."

"शिक्का बसला? नक्की? आता काही बदलत नाही?"

"नाही. का?"

"आता बोलता येईल." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घाटात कधी न घाबरणारा हा माणूस घाबरला होता. "परवाच बोलणार होतो, त्या बर्फात. पण तेव्हा बोललो असतो तर ती लाच झाली असती… बुरुल, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू उद्या बिश्केकला गेलीस तर मी इथं राहीन, पण मला राहवणार नाही. लग्न करशील माझ्याशी?"

दोन दिवस तो हे पोटात धरून बसला होता, स्वतःचं नाव पणाला लागलेलं असताना! एवढा सरळ माणूस जगात असतो, आणि तो माझ्यापुढं उभा राहून मलाच विचारतोय, हे खरंच वाटेना.

"हो," मी म्हटलं. आणि बहुधा फारच मोठ्यानं म्हटलं, कारण अंगणातल्या सगळ्या माना एकदम आमच्याकडे वळल्या.