दगडातलं दार

सेन्नीच्या थडग्यातलं दार मीच कोरलं होतं. पुरुषभर उंचीची चुनखडीची एकच शिळा, चौकटीत चौकट, आणि मधोमध एक अरुंद फट, जी फट नव्हतीच. मागे नुसता भरीव डोंगर. पूर्वी आमच्या लोकांना मेल्यावर वाळूतला खड्डा पुरायचा. मग विटा आल्या, मग दगड, आणि दगडाबरोबर हे दार. मेलेला माणूस त्यातून बाहेर येतो, पाव-कांदा खातो, बिअर पितो आणि परत जातो, असं पुरोहित सांगतात. मी अशी चाळीस दारं कोरली. एकातूनही वाऱ्याची झुळूक आलेली मला आठवत नाही.

सेन्नीची विधवा नेबेत रोज सकाळी दारापुढे पाव ठेवायची. त्या आठवड्यात तिने एक वाडगाही ठेवला. आतल्या बाजूला काळ्या शाईने लिहिलं होतं, ‘तुझा भाऊ मला घराबाहेर काढतोय. पाहतोयस ना? ऊठ.’

दुपारी तो भाऊच आला. आमच्या दफनभूमीचा मुख्य पुरोहित.

“वाडगा वाचलास?”

“वाचला, मालक.”

“मग दारावरचं त्याचं नाव काढून टाक. नाव नसलं की त्याला वाट सापडत नाही.”

“नाव गेलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो, असं तुम्हीच शिकवता.”

“म्हणूनच तर सांगतोय.” त्याने पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. “तुझी बायको अजून चटईत गुंडाळून वाळूतच आहे ना? माझ्या थडग्याच्या भिंतीलगत एक कोनाडा रिकामा आहे.”

कोल्हे तिथली वाळू उकरतात. दर महिन्याला मी तिच्यावर नवे दगड रचायचो. मी छिन्नी उचलली.

नाव एकाच ठिकाणी होतं, फटीच्या वर. बोटभर खोल दगड काढला, खळगा गुळगुळीत घासला, भुगा खाली झाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळग्यात नाव होतं.

आधी वाटलं, नेबेतने दुसरा कारागीर आणला असेल. मी बोट फिरवलं. अक्षरं खोदलेली नव्हती, उठावाची होती. उठावाचं अक्षर हवं तर भोवतालचा दगड काढावा लागतो आणि अक्षरापुरता ठेवावा लागतो. इथला दगड मी काढला होता. तो माझ्या पायाशी भुगा होऊन पडला होता. मग ही अक्षरं कशाची होती?

मी पुन्हा काढलं, आणखी खोल. तिसऱ्या दिवशी नाव पुन्हा वर आलं होतं. कडा इतक्या स्वच्छ, की माझ्या हातालाही कधी जमल्या नाहीत.

“तिला सामील झालास तू,” भाऊ म्हणाला.

“मालक, माझ्याने हे होणार नाही. कोनाडा राहू द्या.”

“मग हो बाजूला.” त्याने माझी मोगरी आणि छिन्नी हिसकावून घेतली.

मी बाहेर उन्हात उभा राहिलो. आतून ठोके येऊ लागले, सवय नसलेल्या हाताचे, वेडेवाकडे. बराच वेळ ते तसेच चालले. मग सावकाश झाले. एकसारखे झाले. मला बरं वाटलं, हात बसला म्हणायचा.

मग लक्षात आलं, इतका हात कुणाचाच एका दुपारीत बसत नाही.

मी आत गेलो.

तो भिंतीला टेकून बसला होता. मोगरी जमिनीवर. दोन्ही हात गुडघ्यांवर.

ठोके चालू होते.

मी शिळेला तळवा लावला. प्रत्येक ठोका तळव्यात येत होता, पलीकडून.

“थांबव त्याला,” तो हळूच म्हणाला.

थोड्या वेळाने ठोके आपोआप थांबले.

चार दिवसांनी त्याने गावच्या वडीलधाऱ्यांसमोर घर नेबेतच्या स्वाधीन केलं आणि नावेत बसून उत्तरेला निघून गेला. मी नेबेतला सगळं सांगितलं. ती रागावली नाही.

“मला कळलं होतं, इदू. एरवी रोज संपणाऱ्या पावाला मधले दोन दिवस कुणी हात लावला नव्हता.”

माझी बायको वाळूतच राहिली.

पूर ओसरल्यावर नेबेत मला घाटावर भेटली. पाण्याचा घडा खाली ठेवून जराशी घुटमळली.

“हसू नका हं. माझ्या दिराचं नाव काय होतं हो?”

मी नाव सांगायला गेलो, तर आठवेना. त्याचा चेहरा आठवला, आवाज आठवला, पाव चावतानाचा जबडा आठवला. दहा वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काम केलं होतं.

आम्ही दोघं पुरोहितांच्या कचेरीत गेलो. त्याची काठी अजून कोपऱ्यात उभी होती. पुरोहिताच्या काठीवर मुठीखाली नाव कोरलेलं असतं.

तिथे बोटभर खोल खळगा होता. आत छिन्नीची एकही खूण नव्हती.