नऊ बँडवाले

विनी टॅपसेलला त्या दिवशी फक्त नावांना सोन्याचा वर्ख लावायचा होता. पाट्या रंगवणं हा तिचा बापापासूनचा धंदा. हॅम्बरली गावात खाटकापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांच्या दारावरची नावं तिच्याच हातची. तेव्हा गावच्या सभागृहात लढाईत गेलेल्या मरीन, म्हणजे नौदलातल्या सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं, तसं काम तिच्याकडेच आलं. अनावरण रविवारी होतं. शुक्रवारी दुपारी ती शिडी खांद्यावर टाकून सभागृहात शिरली. बाहेर समुद्रावरून आलेलं धुकं दाटलं होतं, आणि आत शेगडीत कोळसा नावापुरता. सत्तेचाळीस सालच्या त्या नोव्हेंबरात कोळसा होता कुणाकडे?

ओकच्या त्या मोठ्या फळीवर चौदा नावं आधीच झळकत होती. चौदाही कमांडो. त्या पोरांबद्दल विनीची काहीच तक्रार नव्हती, त्यांनी जीव दिला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती ती गाळलेल्या सहाजणांमुळे.

आता हा फ्रँक डॅडसन. सपाट तळाच्या बोटीतून सैनिकांना फ्रान्सच्या किनाऱ्यावर नेऊन सोडायचं त्याचं काम. गोळ्यांच्या पावसात चार खेपा केल्या, पाचवीतून आला नाही. लोक हसून म्हणायचे, बसचा ड्रायव्हर! लेन पिल्चर युद्धनौकेवर तोफेच्या बुरुजात जळाला. दुसरे दोघे बंदरावरच्या विमानविरोधी तोफांवर गेले, एक किनाऱ्यावरचे सुरुंग काढताना. हे सगळे मरीनच होते. तीच टोपी, तोच बिल्ला, तीच शपथ. आणि सहावा सिरिल, विनीचा धाकटा भाऊ. मरीन बँडमध्ये ट्राँबोन वाजवायचा.

“फलक लढलेल्यांचा आहे, मिस टॅपसेल,” समितीचे अध्यक्ष, मरीनमधलेच मेजर प्रेवेट म्हणाले होते. “गाडीवान आणि वाजंत्रीवाले नकोत.”

वाजंत्रीवाले! विनीने दातओठ खाल्ले होते. बोलण्यापेक्षा तिला हाताने करून दाखवायची सवय. सकाळी कुणी नसताना येऊन तिने ती सहाही नावं फळीच्या तळाशी रोगणाने लिहून ठेवली होती. वर्खाखालचं हे रोगण पाण्यासारखं दिसतं; खालून पाहणाऱ्याला काही कळत नाही. तीन तासांनी ते बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकतं, आणि मग तासाभरात त्यावर वर्ख बसवायचा. उशीर झाला की संपलं, नाव धरतच नाही. सगळं पुन्हा लिहायला तिला दुसरी संधी मिळणार नव्हती. एकदा का सोनं बसलं, की रविवारी आख्ख्या गावासमोर ते खरवडून काढायची छाती त्या मेजरला होते का, हेच तिला बघायचं होतं.

डॅडसन झाला. पिल्चर झाला. सभागृह सांभाळणारा म्हातारा हॉबडे चहा घेऊन आला आणि वर बघून त्याने डोळे मिटले.

“विनी, पोरी, मी काही पाहिलं नाही हं. साखर संपली म्हणून बिनसाखरेचा आणलाय.”

“आणलात हेच खूप. हॉबडेकाका, खाली तळघरात कोण आहे हो? मघापासून काहीतरी फिरतंय. घर्र... घर्र... कुणी दळण दळतंय जणू.”

म्हाताऱ्याचा चेहरा जरा उतरला. “तुलाही ऐकू आलं? हा फलक टांगल्यापासून चाललंय. दोनदा जाऊन आलो. खडखडीत कोरडं आहे, कोळशाचा चुरा सोडला तर काही नाही. म्हटलं, माझे कानच गेले असतील.” आणि चर्चमधून खुर्च्या आणायच्या आहेत म्हणत तो जरा घाईनेच निघून गेला.

घर्र... घर्र... एका लयीत, न थकता. विनीचा हात थांबला. सुट्टीवर आलेल्या सिरिलने चुलीसमोर बसून सांगितलेलं तिला आठवलं. लढाईची घंटा झाली की बँडवाले वाद्यं ठेवतात आणि जहाजाच्या पार तळाशी जातात. तिथे एका खोलीत यंत्राचं मोठं टेबल असतं, त्याभोवती ते नऊजण. प्रत्येकाने पितळी मूठ फिरवत आपला काटा दुसऱ्या काट्यावर धरून ठेवायचा. त्यावरून वरच्या तोफांचा नेम ठरतो. “बँडवालेच का माहितीये, विने? डोक्यावर बॉम्ब पडले तरी आमचा ताल चुकत नाही.” आणि मग जरा हसून, “फक्त झाकण मात्र वरून बंद करतात. बाहेरून. खिट्ट्या लावून.”

तेवढ्यात दार ढकलून मेजर प्रेवेट आत आले. त्यांनी टोपी काढली, फलकाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“हे काय चालवलंय तुम्ही? खाली उतरा!”

“उतरते ना. पाच झाले, एकच राहिलाय.”

“मी बजावून सांगितलं होतं...”

“आणि मी ऐकून घेतलं होतं. तसंच करीन असं कुठे म्हटलं?” विनीने वर्खाचं पान सुरीवर उचललं. “माझा भाऊ वाजवत मेला नाही, मेजर. तुमच्याच जहाजावर, तुमच्याच हाताखाली तोफांचा नेम धरून मेला. पत्र तुम्हीच धाडलंत ना आम्हाला? ‘पाणतीर त्यांच्याच खोलीवर लागला, क्षणात गेले, कळलंसुद्धा नाही.’ आईने ते पत्र उशीखाली ठेवून प्राण सोडला. मग त्याच्या नावाची तुम्हाला एवढी अडचण का?”

मेजर उत्तर देणार, इतक्यात खालचं फिरणं थांबलं.

मग ठोके सुरू झाले. मंचाजवळ, तळघराच्या लाकडी झाकणाखाली. ठक, ठक, ठक, ठक. मग तेवढाच वेळ शांतता. पुन्हा चार. कुठेही घाई नव्हती. बँडवाला घाबरला तरी मात्रा मोजूनच ठोकणार.

“उंदीर,” मेजर म्हणाले. पण ते दोन पावलं मागे सरले.

“उंदीर ताल धरतात होय?” विनीचं अंग गार पडलं होतं, पण राग त्याहून मोठा होता. “तुम्ही हे आधी ऐकलंय. तोंड बघा तुमचं! कुठे ऐकलंत? सांगा... कुठे?”

चार ठोके. शांतता. चार ठोके.

“जहाज बुडायला चाळीस मिनिटं लागली,” मेजर हळूच म्हणाले. “पाणतीर पुढच्या भागात लागला. त्यांची खोली शाबूत होती. जहाज सोडायचा हुकूम झाला... मी त्या झाकणापाशीच होतो. ते असेच ठोकत होते.”

“आणि?”

“आठ खिट्ट्या असतात, मिस टॅपसेल. दोन मिनिटं लागली असती. मला वाटलं... दुसरं कुणी उघडेल.”

विनीला किंचाळावंसं वाटलं. त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पाच वर्षं! पाच वर्षं हा माणूस गावात मान मिरवत फिरला, आणि त्या नऊ पोरांना वाजंत्रीवाले म्हणाला.

“मग आज उघडा,” ती म्हणाली. “तुम्हीच उघडा.”

मेजर प्रेवेट चालत गेले. झाकणाला एक लोखंडी कडी होती, बाकी काही नाही. खिट्टी नाही, कुलूप नाही. त्यांनी ते उचलून मागे टेकवलं. जहाजाच्या काळ्या इंधनाचा उग्र वास आणि खारट गारवा वर आला. “कुणी नाही,” ते खाली बघत म्हणाले, आणि कुणी हाक मारावी तसे एकेक पायरी उतरत गेले. डोकं दिसेनासं झालं.

विनी शिडीवरून पाहत होती. पायऱ्यांवर पावलं वाजली, पण ती वर येणारी होती. एका माणसाची नव्हेत, बऱ्याच. दिसलं कुणीच नाही. फक्त झाकणाच्या कडेला फरशीवर ओल्या बुटाचा एक काळपट ठसा उमटला. मग दुसरा. मग ठसेच ठसे. नंतर ते झाकण, कुणी हात न लावता, हलकेच मिटलं. आणि त्या चार फुटी लाकडावर दाटीवाटीने नऊ जोड बुटांचे ठसे उमटले.

“मिस टॅपसेल?” खालून आवाज आला. “झाकण... झाकण हलत नाहीये.”

विनी शिडीवर तशीच उभी राहिली.

“इथे पाणी आहे. अहो, पाणी चढतंय! उघडा... देवासाठी उघडा!”

ठोके सुरू झाले. त्यांना कसला ताल नव्हता. दोन्ही मुठींनी, नखांनी, कसेही. विनीने फळीवर बोट टेकवून पाहिलं. रोगण जेमतेम चिकटत होतं. आणखी थोड्या वेळाने धरलं नसतं. तिने वर्खाचं पान उचललं. सिरिलचा ‘सि’ बसवला, ब्रशने दाबला. मग ‘रि’. हात कापत नव्हता, याचंच तिला नंतर कायम भय वाटत आलं. टॅपसेलचं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत खालचं ठोकणं मंदावलं, आणि मग थांबलं.

तेव्हा ती उतरली. कडी धरून तिने झाकण उचललं, तर ते एका हाताने सहज वर आलं.

तळघर खडखडीत कोरडं होतं. मेजर पायथ्याशी बसले होते, गळ्यापर्यंत काळ्या तेलात माखलेले, डोळे वर लागलेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं. चौकशीत हॉबडेने शपथेवर सांगितलं की झाकण दोन बोटांनी उघडतं आणि सभागृहात तेलाचा थेंब कधी आलेला नाही. विनीला विचारलं, त्यांनी हाक मारल्यावर तुम्ही किती वेळाने उघडलंत? ती म्हणाली, “लगेच.” सगळ्यांना ते पटलं. सहाही नावं फलकावर राहिली. ती काढा म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नाही. झाकण उचलण्याआधी ती क्षणभर त्या ठशांपाशी थांबली होती. आठ जोडांचे चवडे दाराकडे होते, घरी निघालेल्या माणसांसारखे. नववा जोड शिडीकडे तोंड करून उभा होता. ती वर्ख लावत होती तो सगळा वेळ तो तिच्याकडे बघत होता. आपलं नाव पुरं होताना पाहत होता, की ‘विने, बस झालं, झाकण उघड’ म्हणत होता, हे तिला अजून कळलेलं नाही.