तीन तडकलेल्या काचा

फसवणुकीचा छडा लावणाऱ्या भिंगबाईंनी पत्र उजेडात धरलं. "काचवाल्याचं?"

"त्यांच्याच नावाचं," चौकटवाली म्हणाली. तसबिरींना चौकटी करायचं दुकान नवऱ्यामागे ती एकटी चालवत होती. खांद्यावर नऊ महिन्यांचं बाळ, ओठ निळसर. "खातं बदललंय, पैसे नव्या खात्यात भरा, असं लिहिलंय. मी भरले. आज काचवाल्याचा माणूस दारात, पैसे कुठेत म्हणून! पुन्हा द्यायचे तर बाळाच्या ऑपरेशनचे मोडावे लागतील. सोमवारची तारीख आहे, बाई."

"खात्री न करता भरलेत?" भिंगबाईंसोबत आलेले वकीलसाहेब म्हणाले.

"केली ना! फोन केल्याशिवाय मी दमडी सोडत नाही. घरात थट्टा होते माझी. गुरुवारी सकाळी पत्रावरच्या नंबरवर केला. समोरचा आपणहून म्हणाला, 'तडकलेल्या तीन काचांचे वजा करून पाठवा.' मग संशय कसला घ्यायचा? तडकल्या होत्या पाच. म्हटलं, कद्रू मेला, तीनच मान्य करतोय."

"पाच कोणाला सांगितल्यात?"

"कोणालाच नाही. तक्रारीची चिठ्ठीसुद्धा ड्रॉवरमध्येच राहिली. बाळ फणफणलं होतं."

भिंतीवर नवऱ्याच्या अक्षरात काचवाल्याचा जुना नंबर होता. भिंगबाईंनी तो फिरवला.

"कसलं पत्र?" काचवाला खेकसला. "आणि काचा तडकल्याचं आम्हाला कोण बोललंय?"

मग दुकानातल्या-घरातल्या एकेकाला आत बोलावलं.

हिशेबनीस घाम पुसत आला. "बुधवारी माल उतरला तेव्हा मी रजेवर होतो. शुक्रवारी आलो. काचा तडकल्या? मला तर आत्ता कळतंय."

कारागिराचे हात चिरांनी भरलेले. "उतरवताना तीन दिसल्या. दुपारी पेटी रिकामी केली, तर तळाशी आणखी दोन. लगेच वहिनींना पाच म्हणून सांगितलं."

धाकटा दीर आला तो बाळाकडे हात पसरतच. "ये रे काकाकडे! माल उतरवायला मी होतो की. तीन काचा फुटल्या, जेवायच्या आधी मी गेलो. नंतर इकडे आज येतोय."

बाळ त्याच्याकडे झेपावलं.

"कारागीरच," वकीलसाहेब कुजबुजले. "गरिबीला काय..."

"गरिबी पुरावा नसते, साहेब." भिंगबाई सगळ्यांकडे वळल्या. "काचवाल्याला एकही तडा माहीत नव्हता. म्हणजे फोनवरच्या माणसाला या दुकानातून कोणीतरी पढवलं. हिशेबनिसाला काही ठाऊक नव्हतं. कारागिराला पाच ठाऊक होत्या, त्याने यांना स्वतःच पाच सांगितल्या. तो तीन कशाला पढवेल? तीनवर थांबलेला माणूस एकच. जेवायच्या आधी गेलेला."

दीर हसायला गेला. हसू जमलं नाही.

"वहिनी फोन करणार हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून पत्रावर नंबर तुमच्याच कोणा साथीदाराचा. बाळ कडेवर असताना त्या भिंतीवरच्या जुन्या नंबरकडे बघणार नाहीत, हेही माहीत होतं."

त्याने कडेवरचं बाळ घट्ट धरलं.

"कर्जबाजारी झालो होतो, वहिनी," तो शेवटी पुटपुटला. "पैसे बाळाच्या मुळावर येतील असं वाटलं नव्हतं. शप्पथ."

"सोमवारची तारीख हॉस्पिटलातून तुम्हीच घेऊन आलात, भावजी."

तिने त्याच्या हातातून बाळ काढून घेतलं. बाळ रडायला लागलं, काकासाठी.

"सगळे पैसे उचलले नसतील," भिंगबाई हलकेच म्हणाल्या. "बँकेने आत्ता खातं गोठवलं तर उरलेले वाचतील. पण नाव द्यावं लागेल. घरातलं."

तिने पासबुक काढलं, मागच्या पानावरचा बँकेचा नंबर एकेक आकडा तपासत लावला.

"कोणावर संशय आहे?" पलीकडून विचारलं.

दीर दाराशी उभा होता. लग्न होऊन आल्यापासून तिने त्याला भावजीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

रडणाऱ्या बाळाला थोपटत तिने त्याचं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.