तिवईसाठी पेटी

ज्याला कानच नाहीत, त्याला गाणं कसं ऐकवायचं?

जोविताने हा प्रश्न विचारला तेव्हा बस्त्याव आजोबा विहिरीच्या कठड्यावर पुस्तक वाचत बसले होते. आजोबा निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग म्हणाले, "मला नक्की सांगता येईलच असं नाही हं. तिवईबद्दल विचारतेस?"

"मग आणखी कोणाबद्दल? उद्या ओहोटीबरोबर ती निघणार!"

तिवई ही दूरच्या ग्रहावरून वसईला आलेली पाहुणी. तीन जाड पाय, वर चपटी पाठ आणि डोकं नाही, म्हणून मुलांनी तिला हे नाव दिलं होतं. समुद्र वर चढून वाडीतल्या विहिरी खारट झाल्या, केळी करपू लागली, तेव्हा तिने मीठ अडवणारा एक पातळ पडदा विणायला सगळ्यांना शिकवलं. आता केळीला पुन्हा घड लागले होते आणि आई याच विहिरीचं पाणी चहाला घेत होती.

तिवई पाठीवरच्या पाटीवर अक्षरं उमटवून बोलायची. मराठी ती रस्त्यावरचे सरकारी फलक वाचून शिकली होती. कालच्या लग्नात तिने जोविताला विचारलं होतं, "वाद्ये वाजतात तेव्हा तुम्ही हसता आणि रडता. मला फक्त ढोलाचे धक्के कळतात. मधे काय असते? कृपया कळवावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"तिने आपल्याला पाणी दिलं," जोविता म्हणाली, "आणि आपण तिला एक गाणंही द्यायचं नाही?"

आजोबांनी पुस्तक मिटलं. "तिच्या ग्रहावर हवा फार विरळ. तिथे आवाज जमिनीतून पोचतो आणि ती तो तळव्यांनी ऐकते. पण फक्त कमी वारंवारतेचा (एका सेकंदात थोडेच हेलकावे असलेला). तुझ्या बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे एकेचाळीस वेळा थरथरते. ती तिला कळावी. पण मी चुकतही असेन."

जोविता वाडीच्या बँडमध्ये बास गिटार वाजवत असे. अडचण एकच होती. हल्ली सगळे जण कानात मण्याएवढं यंत्र घालून गाणी ऐकत, त्यामुळे मोठे स्पीकर कोणाकडे उरलेच नव्हते. शोधता शोधता चर्चच्या सभागृहाच्या माळ्यावर एक सापडला. त्याची पेटी खाऱ्या हवेने कुजून गेली होती, पण आतला ताटाएवढा कागदी पडदा धड होता.

"पेटी ना? आत्ता करून देतो," अंतोनमामा म्हणाला. शहरात केळी पाठवायच्या लाकडी पेट्या मामाच बनवायचा. दुपारी त्याने नवीकोरी पेटी माळ्यावर आणून दिली, जोविताने पडदा बसवला, वायरी जोडल्या आणि गिटार छेडली.

बारीक तारा वाजल्या. जाड तारेचा मात्र नुसता फटफटाट झाला.

"स्पीकर म्हातारा झालाय," मामा म्हणाला. "आपल्या आजोबांसारखा."

"मला ऐकू येतंय, अंतोन," आजोबा म्हणाले.

जोविताला हसू आलं नाही. तिने पुन्हा पुन्हा तार छेडली. माळ्यावर अंधार होता, म्हणून आत काही सुटलंय का ते बघायला मामाने एक मेणबत्ती पेटवून पेटीच्या मागे धरली. तार वाजताच ज्योत फडफडली.

"मामा, इथून वारा येतोय! पेटीला फटी कशाला ठेवल्यास?"

"कशाला म्हणजे? फटी नसल्या तर माल उबतो, काळा पडतो. माझ्या हातून आजवर बिनफटीची पेटी झालीच नाही."

"अरे पण, आत केळी नाहीत ना!"

मामाने डोक्याला हात लावला. आजोबा हसत नव्हते, त्यांचे डोळे चमकत होते. "चला, विहिरीजवळच्या टाकीकडे," ते म्हणाले.

त्यांनी जोविताच्या हातात एक फळी दिली. "पाण्यात उभी धर आणि हळू पुढे ढकल. काय दिसतं?"

"पुढे पाणी चढलं. मागे खळगा झाला."

"मग?"

"पुढचं पाणी कडेने वळून खळग्यात शिरलं. सगळं सपाट!"

"आता भराभर हलव."

जोविताने फळी थरथरवली. बारीक बारीक लाटा दूरपर्यंत गेल्या. पाण्याला वळून मागे जायला वेळच मिळाला नाही.

"स्पीकरचा पडदाही असाच," आजोबा म्हणाले. "तो पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुराची तरंगलांबी (एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर) फार मोठी असते. तुझ्या जाड तारेची तर आठ मीटरांहून जास्त. एवढ्या सावकाश हेलकाव्यात हवेला फटीतून वळायला भरपूर सवड मिळते. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना पुसून टाकतात."

"म्हणजे पेटी आवाज वाढवत नाही. भांडणाऱ्या दोघींना वेगळं ठेवते!"

"हे मला असं सांगता आलं नसतं," आजोबा म्हणाले.

मग काम सुरू झालं. चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्या आईने पातेल्यात वितळवल्या. त्यात लाकडाचा भुसा कालवून जोविताने एकेक फट बुजवली. फळ्या स्वतःच थरथरू नयेत म्हणून मामाने आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या. ठोकताना तो पुटपुटत होता, "कोणाला सांगू नका हं. बिनफटीची पेटी केली म्हणून व्यापारी हसतील मला."

या वेळी जाड तार वाजली, पण दबलेली.

"बंद हवा स्प्रिंगसारखी असते," आजोबा म्हणाले. "पडद्याला ती फार हलू देत नाही." त्यांनी सोड्याची रिकामी बाटली जोविताच्या हातात दिली. तिने तोंडावर आडवी फुंकर मारली. हूंऽऽ!

"बाटलीच्या मानेतली हवा हा एक गोळा समज आणि पोटातली हवा स्प्रिंग. गोळा स्प्रिंगवर एकाच ठरावीक लयीत झुलतो. याला अनुनाद (एखाद्या वस्तूचं आपल्या आवडत्या लयीत जोराने हलणं) म्हणतात. पेटीला अशी मान दिली, तर मागची लाट उलटून पुढच्या लाटेच्या जोडीने बाहेर येईल."

"पण फट नको म्हणालात ना!"

"फटी नकोत. मोजून ठेवलेलं एक तोंड हवं."

मामाने वाडीला पाणी देण्याच्या पाइपाचा तुकडा पेटीत बसवला. नळी लांब, तर सूर खाली. आखूड, तर वर. जोविता नळीच्या तोंडाशी मेणबत्ती धरून आजोबांना जाड तार छेडायला लावी आणि नळी थोडी थोडी कापून पुन्हा बघे. एका लांबीला ज्योत एकदम आडवी झाली आणि विझलीच.

"हीच!" जोविता ओरडली.

सकाळी सभागृहाच्या लाकडी जमिनीवर पेटी ठेवली. तिवई तीन पाय पसरून उभी राहिली. जोविताने लग्नातली तीच धून घेतली, पण सगळी खालच्या सुरांत, सावकाश. खिडक्यांच्या काचा गुणगुणल्या. तिवईची पाठ हळूहळू खाली आली. पाटी कोरीच होती.

धून संपली. मग पाटीवर एकच शब्द उमटला, "पुन्हा."

जोविताने पुन्हा वाजवलं. या वेळी तिवईचा एक पाय अलगद उचलला गेला आणि बरोबर तालावर खाली आला. आईने पदराने डोळे पुसले.

"आता कळले," पाटीवर आलं. "मधे तुम्ही असता."

ओहोटीला सगळे किनाऱ्यावर जमले. तिवईचं यान उठलं, तेव्हा जोविताने चपला काढून ओल्या वाळूवर पाय रोवले. इतरांना नुसती घरघर ऐकू आली. तिच्या तळव्यांना मात्र खालून तीच धून लागली, तालासकट.

यान ढगांत दिसेनासं झाल्यावरही ती वर बघत राहिली.

"आजोबा, तिच्या ग्रहावर हवा विरळ. म्हणजे पेटीतली स्प्रिंग सैल पडेल, हो ना? मग तिथे पेटी केवढी करायची? की पडदा सरळ जमिनीलाच जोडायचा?"

आजोबांनी चष्मा पुसला. "मला खरंच माहीत नाही," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी त्यांनीही चपला काढल्या. "तू शोधून काढ. मेण मी जमवून ठेवतो."