दोरीची खोली

बांबू खिडकीतून आत आला, तेव्हा घड्याळ दुरुस्त करणारा तो टेबलाशी श्वास रोखून बसला होता. मनगटी घड्याळाचा एक स्क्रू, खसखशीच्या दाण्याहून थोरला म्हणावा एवढाच, त्याच्या चिमट्याच्या टोकावर होता. पुढच्या क्षणी तो तिथे नव्हता. टेबलावर मात्र एक लांबलचक बांबू आडवा पडला होता आणि त्याला बांधलेली दोरी समोरच्या गच्चीपर्यंत गेली होती.

दोरीच्या दुसऱ्या टोकाशी ती उभी होती. गळ्यात शिट्टी, ओढणी कमरेला खोचलेली.

"लागलं का हो?"

"मला नाही... स्क्रू उडाला."

"थांबा, आलेच!"

दोन्ही घरे पाठीला पाठ लावून उभी होती. दारे दोन वेगळ्या गल्ल्यांत. आईला घेऊन तो इथे राहायला आल्याला वर्ष होत आले होते, तरी या शेजारणीचा त्याला केवळ आवाज ठाऊक होता. तलावावर ती मुलांना पोहायला शिकवी, आणि सारी गल्ली तिला 'शिट्टी' म्हणे. त्याने मात्र घड्याळदुरुस्तीचे टेबल या मागच्या खिडकीशी मांडले होते ते निव्वळ उजेडासाठी. निदान आजवर त्याची तशीच समजूत होती.

ती आली, तेव्हा तो फरशीवर रांगत होता; तीही सरळ गुडघे टेकून शोधू लागली.

"दिसतो कसा तो?"

"दिसत नाही. चमकतो फक्त."

"तुमच्यासारखाच लाजाळू दिसतोय... हलू नका!" तिने बोटाचे टोक ओठांनी ओले केले आणि त्याच्या बाहीवरून स्क्रू अलगद टिपून घेतला. "एवढ्याशा जिवासाठी एवढा मोठा माणूस रांगतोय!"

मग खिडकीबाहेर हात दाखवून ती म्हणाली, "ती दोरी दिसते ना? ती माझी खोली."

त्या गावात नियमच तसा होता. ज्याला घरावर मजला चढवायचा असेल, त्याने होणाऱ्या खोलीच्या कोपऱ्यांवर महिनाभर बांबू उभे करून दोऱ्या ताणायच्या. आपल्या वाट्याच्या आकाशात काय उभे राहणार, हे शेजाऱ्यांना आधी दिसावे म्हणून. मग नगरपालिकेचे अभियंते येत आणि शेजाऱ्यांना विचारत. एकाचीही हरकत रास्त ठरली, तर परवानगी अडली.

"लहानपणापासून बैठकीत झोपते मी," ती म्हणाली. "पाहुणा आला की पहिली माझी गादी गुंडाळली जाते. आता माझ्या कमाईची खोली हवी. आतून कडी लावता येईल अशी. आणि तुम्ही निश्चिंत असा, तुमच्या बाजूला सलग भिंत आहे. नकाशा काढणारे म्हणाले, खिडकी ठेवाल तर शेजारी हरकत घेऊन नाचवतील."

"सलग..." तो म्हणाला. का कोण जाणे, त्याला तो शब्द फार मोठा वाटला.

"उजेड अडेल का तुमचा?"

"दोरीची सावली ती केवढी! तिच्यावरून काय कळणार?"

दुसऱ्या दुपारी शिट्टी वाजली. तिने दोऱ्यांवर घरातल्या सगळ्या चादरी टाकल्या होत्या आणि वाऱ्याने फुगलेल्या त्या खोलीच्या दारात, म्हणजे जिथे दार होणार होते तिथे, ती उभी होती.

"आता?"

सावली टेबलावर चढली. चमकणारी चाके एकेक करून विझली. तिला खरे सांगणे एवढेच त्याचे काम होते. पण त्या चादरींमध्ये उभे राहून ती अशी हसत होती, की तिच्या खोलीची एक वीट कमी करण्याचे बळ त्याला आपल्या जिभेत सापडेना.

"काही फरक नाही!" तो ओरडला. आयुष्यात तो इतक्या मोठ्याने क्वचितच बोलला होता, आणि तेही खोटे.

चादरी तशाच राहिल्या. आठवड्याने आपले बंद पडलेले स्टॉपवॉच घेऊन ती आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"भरदुपारी दिवा?"

"रोजच लावतोय," आतून त्याची आई म्हणाली. "डोळे चोळून चोळून लाल झालेत. विचारलं तर म्हणतो, सवय करतोय."

तिने हातातले स्टॉपवॉच टेबलावर ठेवले. "खोटं बोललात."

"तुमची खोली अडू नये म्हणून..."

"मला उपकाराची खोली नको! पोरांना मी पहिल्या दिवशी एकच शिकवते. दम लागला की हात वर करायचा. गप्प राहतो तो बुडतो. करा हात वर."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने हळूच हात वर केला. आई आत तोंडाला पदर लावून हसत होती.

"हं. आता बोला."

"उजेड... अडतो. फार अडतो."

ती तडक गच्चीवर गेली. त्याच्या बाजूची दोरी ती वीतभर खाली घेई, शिट्टी वाजवी. तो नकाराची मान हलवी. दोरी तिच्या खांद्याशी आली, तेव्हा टेबलावरचे सर्वांत लहान चाक पुन्हा चमकले आणि त्याचा हात आपसूक वर गेला.

"म्हणजे उतरतं छप्पर!" तिने ओरडून सांगितले.

"डोकं आपटेल तुमचं!"

"तिथे गादी टाकीन! झोपलेला माणूस उभा कुठे असतो?"

नकाशा बदलला. ठरल्या दिवशी अभियंते त्याच्याच खोलीत आले. ती शेजारी उभी होती. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, पुन्हा सोडत.

"उजेडाचं काय?" त्यांनी विचारले.

"उजेड पुरेसा आहे. हे खरं सांगतोय."

"मग शेजाऱ्यांची काही हरकत नाही, असं लिहितो."

त्याने हात वर केला.

तिची बोटे थांबली. चेहऱ्यावरचे हसू मावळले; पण या खेपेस त्याचा हात खाली आला नाही.

"हरकत आहे," तो म्हणाला. "त्या भिंतीला... खिडकी नाही."

"काय?"

"खिडकी नाही, ही हरकत आहे."

"अहो, खिडकी नको म्हणून लोक माझ्या डोक्यावर बसतात!" अभियंत्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "बरं. शेजाऱ्याची संमती असेल, तर ठेवता येते. काच धुरकट लिहू, की साधी?"

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. आवाज पाण्याखालून यावा तसा. "हरकत त्यांची आहे."

"साधी," तो म्हणाला. "आरपार."

"आणि पडदा?" तिने विचारले, अभियंत्यांना नव्हे.

"पडद्याला परवानगी लागत नाही," अभियंते कागद आवरत म्हणाले. "तो तुमचा तुम्ही बघा."

"चहा टाकते," असे म्हणत आई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली आणि जाताना तिने दारही ओढून घेतले.

समोरच्या गच्चीवर दोऱ्या वाऱ्याने हलत होत्या. नसलेल्या भिंतीत, नसलेल्या खिडकीतून ऊन आत येत होते.

"सुट्टीच्या दिवशी मी उशिरा उठते," ती म्हणाली. "पडदा सरकेपर्यंत वाट बघशील, घड्याळ्या?"

त्या एकेरी हाकेने तो पुरता गोंधळला. त्याने पुन्हा हात वर केला.

"आता काय? दम लागला?"

"नाही..." तो म्हणाला. "बुडालो."

तिने शिट्टी ओठांपाशी नेली. पण फुंकली नाही. दोन पावले पुढे येऊन तिने त्याचा तो वर धरलेला हात मनगटाशी पकडला. बुडणाऱ्याला धरतात तसा, घट्ट.