बंद पंपामागचं घर

विश्वास ठेवा, नका ठेवू. ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडली, आणि ज्या घराची ती आहे त्या घरात माझी आई गेलेली आहे.

गुरुवार होता. संध्याकाळ. दिवे लावायला अजून वेळ होता.

मामा त्याच्या खोलीत प्रुफं तपासत बसला होता. मामा प्रवासवर्णनं लिहितो. कोपऱ्यावर ब्रेड आणायला पाठवलं तरी परत येऊन तासभर वर्णन करेल, असं आई त्याला चिडवायची. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. बाबा फार आधीच गेले, त्यामुळे आम्ही मायलेकी मामाकडेच राहायचो. आई त्या दिवशी "जरा फिरून येते" म्हणून सकाळीच गाडी घेऊन गेली होती.

फोन वाजला.

"दादा, सापडलं तुझं घर!"

"कुठलं घर, बारके?" आई पस्तिशीला आली तरी मामा तिला बारकीच म्हणायचा.

"अरे, तुझ्या पुस्तकातलं. डोंगरातल्या बंद पेट्रोल पंपामागचं. मी आत बसलेय!"

मामा हसला. त्याला वाटलं, ही आपली फिरकी घेतेय.

कारण तिथे घर नव्हतंच. त्या रस्त्याने जाताना मामा बसमध्ये तापाने फणफणला होता. तो बंद पंप तेवढा त्याला आठवत होता. पुढे प्रकाशकाला एक प्रकरण कमी पडलं, तेव्हा मामाने दिलं ठोकून. पंपामागे एक जुनं घर, वाटसरूंना खोली देणारी एक एकटी बाई, कधीच कडी न लावलेलं दार. आता घरात सामान कुठलं ठेवायचं? मामाने लहानपणच्या घरातलं उचलून आणलं. निळी किटली आणली. शिवणाचं मशीन आणलं. आणि त्या बाईला, नकळत म्हणा, स्वतःच्या आईचा चेहरा दिला.

मामाची आई, म्हणजे माझी आजी, मामा लहान असतानाच गेली. माझी आई तेव्हा पाळण्यात होती. तिला आपली आई आठवतच नव्हती.

"चेष्टा पुरे," मामा म्हणाला. आणि मग त्याला आवाज ऐकू आला...

खडखड खडखड... खट्... खडखड...

"मागे काय वाजतंय?"

"मशीन. शिवतायत त्या."

मामाने तो आवाज ओळखला. आजीच्या मशीनचा पट्टा सैल होता, मधेच घसरायचा. ते मामाने पुस्तकात लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. आणि मशीन तर आजी गेली त्याच वर्षी विकून टाकलं होतं.

"दादा," आई म्हणाली, "ही आई आहे ना? त्या बाईबद्दल तू जसं लिहिलंयस, ते वाचलं तेव्हाच मला कळलं. म्हणून तर आले. हिला माझ्यासारखीच एका गालावर खळी पडते रे. तू कधी बोलला नाहीस."

"बारके, ऊठ. बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"अरे, चहाची किटली आत्ता कुठे चुलीवर चढवलीये तिने. इतक्या वर्षांनी..."

"तिथे घर नाहीये गं! मी रचलंय ते! सगळं खोटं आहे!"

मशीन थांबलं.

मग आई अगदी हळू म्हणाली, "दादा, असं मोठ्याने कशाला बोललास? तिने ऐकलं."

मामा घाईने म्हणाला, "तू निघ. पोरगी इथे वाट बघतेय तुझी. तिचा तरी विचार कर!"

माझं नाव काढल्यावर ती भानावर आली असावी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली...

"दादा... दार कुठे आहे?"

"समोरच असेल. उघडंच असतं ते."

"नाहीये. चारी बाजूंनी भिंतच आहे. तू कुठून बाहेर पडलास रे?"

मामाने प्रुफं उलटीपालटी केली. प्रकरण सुरू होत होतं घरात शिरण्यापासून, आणि शेवटचं वाक्य होतं, 'त्या घरात मला लहानपणी लागायची तशी झोप लागली.'

बस. पुढे काही नाही.

तिथून निघाल्याचं मामाने लिहिलंच नव्हतं.

त्याने पेन उचललं. समासात लिहिलं, 'किटलीच्या मागे एक दार होतं.'

"आहे! दादा, आहे! दार आहे!" आई रडता रडता हसली. दार करकरलं...

खडखड खडखड... खट्...

"दादा, इथेही तीच बसलीये."

मामाने जिना लिहिला. खिडकी लिहिली. अंगण लिहिलं, अंगणाला फाटक लिहिलं, फाटकाबाहेर रस्ता लिहिला. आई धावत होती, तिच्या धापा त्याला ऐकू येत होत्या. आणि दरवेळी तीच खोली, तेच मशीन. शेवटी आई दमली. "जाऊ दे दादा, तिला वाईट वाटतंय," एवढं म्हणाली, आणि फोन बंद पडला.

मामा मिळेल त्या गाडीने निघाला. उजाडताना पोचला. पंपाशी आईची गाडी उभी होती, व्यवस्थित लॉक केलेली. मागे उघडा डोंगर, दगड, खुरटं गवत. मामा वेड्यासारखा हाका मारत फिरला. हातांनी माती उकरली, नखं फुटली.

फोन वाजला...

"दादा, आत ये ना. केव्हाचा दिसतोयस खिडकीतून. मी हात करतेय, बघ."

मामाने पाहिलं. दगडच होते.

"आई तुझ्यासाठी सदरा शिवतेय. म्हणते, मापाचा अंदाज येत नाही. तू केवढा झालास ते तिला माहीतच नाही ना. सांग की माप."

मामाने हंबरडा फोडला. पण माप सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते त्यालाही सांगता येत नाही.

पोलीस आले, कुत्री आणली, सगळा डोंगर पालथा घातला. काही सापडलं नाही.

मामा आता पार खंगलाय. प्रकाशक म्हणाला, ते प्रकरण काढून टाकू. मामाने त्याच्यापुढे गयावया केली. प्रकरण गेलं की घर गेलं, मग आत असलेल्या बारकीचं काय? आणि ठेवावं, तर उद्या दुसरं कुणी वाचून तिथे जायचं. ते अजून तसंच छापलं जातं. मामा रोज तिला बाहेर काढायचा एक नवा रस्ता लिहितो, आणि रोज सकाळी मला विचारतो, "आली का गं?"

मला त्याने बजावून ठेवलंय. अनोळखी नंबर उचलायचा नाही. उचललाच, तर मागे मशीन वाजतंय का ते आधी ऐकायचं.

आई गेली तेव्हा मी तिच्या कमरेला लागत होते. आता तिच्या साड्यांवरचे ब्लाउज मला बसतात.

परवा दुपारी मामाचा जरा डोळा लागला होता. फोन वाजला. मी कान देऊन ऐकलं. मशीनचा आवाज नव्हता...

"बाळा," आई म्हणाली. तोच आवाज, जराही बदललेला नाही. "अगं, तू केवढी झालीस? आम्हा दोघींना मापाचा अंदाजच येत नाहीये."

सांगायचं नाही, हे मला माहीत होतं. पण आई आहे हो ती माझी. एवढी वर्षं मी त्या आवाजासाठी तडफडलेय.

मी ड्रॉवरमधली टेप काढली. खांदा, छाती, बाही, उंची. सगळं नीट सांगितलं.

पलीकडे लगेच मशीन सुरू झालं.

मामाला मी अजून बोललेले नाही. तुमच्यात कुणी शिवणकाम करणारं असेल तर एवढंच सांगा... एक कपडा शिवून व्हायला साधारण किती दिवस लागतात?